खेदराव एक क्रियापद शिकतात

खेदरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि पेन्शन ऑफिसला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते खेदराव. पाणीपुरवठा खात्याच्या अर्ज विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि त्या चौतीस वर्षांत ज्यांना ज्यांना नळाची जोडणी नाकारली गेली, त्या सगळ्यांना पत्र त्यांच्याच टेबलावरून गेलं. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: 'आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यास खेद वाटतो की'. जन्मभर खेद कळवत आलेल्या या माणसाने कुणाची माफी मात्र कधी मागितली नव्हती. दोन्ही गोष्टी एकच, असा त्यांचा प्रामाणिक समज होता आणि खात्याचंही बहुधा तेच मत असावं.

अशा माणसावर साठी उलटल्यानंतर 'पेर्दोनार' हे स्पॅनिश क्रियापद पाठ करायची पाळी आली ती लेकीमुळे. ती नोकरीसाठी दूरदेशी गेली आणि तिथल्या एका जमीन मोजणाऱ्या माणसाशी लग्न ठरवून मोकळी झाली. जावई स्वभावाने बरा होता म्हणतात, पण स्पॅनिशखेरीज त्याला फारसं काही येत नव्हतं. लेकीने वडिलांना पत्र लिहिलं, या म्हणून. खेदरावांनी उत्तर टाइप केलं. 'आपल्या दि. ३ च्या पत्रास अनुसरून कळविण्यास खेद वाटतो की, अपरिहार्य कारणास्तव सदर विवाहास उपस्थित राहणे शक्य होणार नाही.' वर जावक क्रमांक, खाली सही आणि तळाला 'प्रत माहितीसाठी: आई'. अपरिहार्य कारण एवढंच होतं की, मुलीने आधी विचारलं नव्हतं, ठरवून मग कळवलं होतं.

त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून फोन खेदरावांनी उचलला की पलीकडून दोनच शब्द यायचे, "आई आहे?" खेदराव "आहे" म्हणायचे आणि रिसीव्हर टेबलावर ठेवायचे. तीन वर्षांत बापलेकीत झालेलं संभाषण सगळं मिळून हे एवढंच होतं.

आणि आता ती येणार होती. दोन महिन्यांनी, नवऱ्याला घेऊन, सहा दिवसांसाठी. पण उतरणार होती हॉटेलात. आईने फोनवर पुष्कळ विनवण्या केल्या, तेव्हा लेक म्हणाली, "बाबांनी त्याला एकदा माफ कर म्हणावं. त्याला कळेल अशा भाषेत. मग घरी राहते."

बायकोने हा निरोप जसाच्या तसा खेदरावांना सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लेखी चालेल का?"

"नाही. आणि ऐका, ती हॉटेलात राहिली तर मीही सहा दिवस तिथेच राहणार आहे. तुमचं जेवणाचं तुम्ही बघा."

खरं सांगायचं तर खेदरावांना मनातून बरंच वाटलं. 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या घशाशी येऊन आजवर कैकदा परत गेले होते, वाट सापडत नसल्यासारखे. पण परक्या भाषेत म्हणायचं म्हणजे आपण म्हटलं असं होतच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळणार नाही, आपलं आपल्यालाही फारसं कळणार नाही. काम एका क्रियापदाचं होतं आणि हातात दोन महिने होते. एवढ्या मुदतीत त्यांच्या विभागात चारशे अर्ज निकाली निघत असत.

रीतसर शिकायचं म्हणून ते आधी भाषा शिकवणाऱ्या संस्थेत गेले. तिथे खिडकीत बसलेल्या कारकुनाने अर्ज दिला. 'शिकण्याचा उद्देश' या रकान्यात नोकरी, उच्च शिक्षण, पर्यटन आणि इतर असे चार पर्याय होते. खेदरावांनी 'इतर'पुढे खूण करून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जावयाची क्षमायाचना'. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि पुराव्यादाखल कागद जोडायला सांगितला. खेदरावांना राग आला नाही. त्या खिडकीत ते स्वतः असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. घरी जाऊन त्यांनी जुन्या पत्राची कार्बन प्रत आणून जोडली. आठ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं. 'आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यास खेद वाटतो की, संस्थेत एकच क्रियापद शिकविण्याची सोय नाही.'

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या नावाने आलं होतं. ते कागद हातात धरून खुर्चीत बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "संदर्भ क्रमांक घातलेला नाही," आणि कागद फाइलला लावला. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, असं बायको सांगते.

शेवटी नर्सबाई सापडल्या. त्या तळमजल्यावर राहत. निवृत्त होण्याआधी अकरा वर्षं त्यांनी परदेशातल्या एका इस्पितळात काढली होती आणि तिथले बहुतेक रोगी स्पॅनिश बोलत. बाई शिस्तीच्या होत्या. त्यांच्याकडे गेलेला माणूस खुर्चीत बसण्याआधी आपोआप बाही वर सारत असे.

"एकच क्रियापद?" बाईंनी विचारलं.

"एकच. पण पक्कं हवं."

"पेर्दोनार. म्हणजे माफ करणं. तू म्हणायच्या माणसाला पेर्दोनामे. तुम्ही म्हणायच्या माणसाला पेर्दोनेमे. दोघंचौघं असले तर पेर्दोनेनमे. गर्दीत कुणाला धक्का लागला तरी तेच म्हणायचं आणि कुणाचं घर मोडलं तरी तेच."

"दोन्हींना एकच?"

"शब्द एकच. म्हणायचं कसं, ते तुमच्याकडे."

खेदरावांनी दोन दिवसांत सगळी रूपं पाठ केली. मी माफ करतो, तू माफ करतोस, आम्ही माफ करतो, सगळी घडाघडा. तिसऱ्या दिवशी बाईंसमोर उभं राहून त्यांनी 'पेर्दोनेमे' म्हणून दाखवलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"उद्या सकाळी सहा ते आठ पाणी येणार नाही, असं सांगितल्यासारखं वाटलं," त्या म्हणाल्या.

"उच्चार चुकला का?"

"उच्चार ठीक आहे. तुम्ही कुणाची मागताय ते ऐकू येत नाही. खोट्या उदाहरणावर हे क्रियापद बसायचं नाही. दुखणं हा शब्द मी पुस्तकातून नाही शिकले, दुखणाऱ्या माणसांकडून शिकले. रोज एक खरं उदाहरण करायचं. ज्याचं खरंच काही बिघडवलंत त्याच्याकडे जायचं आणि म्हणायचं."

खेदरावांनी गंभीरपणे विचार केला. "माझ्याकडून कुणाचं काही बिघडलेलं नाही."

"मग हे सोडा. दुसरं घ्या. जेवणं घ्या, सोपं असतं."

ते घरी आले. कोऱ्या कागदावर 'बिघडवलेल्या बाबी' असं शीर्षक लिहून, खाली रेघ मारून अर्धा तास बसले. बायको समोर शेंगा सोलत होती. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "लिहा. मी सांगते." आणि शेंगांवरची नजर न काढता सांगायला लागली. कागद संपला तेव्हा शेंगा अजून निम्म्या शिल्लक होत्या. "यातलं तुला कसं माहीत?" असं त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं. ती म्हणाली, "एकाच घरात राहतो आपण."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कुणीही शहाणा माणूस तो कागद घडी करून खिशात ठेवता आणि एकेकाला गाठून शब्द टाकून परत येता. पण कुठलाही कागद बाहेर गेला की पोच घ्यायची, ही खेदरावांची चौतीस वर्षांची सवय होती. पोच नाही तर पत्र गेलंच नाही, असा त्यांच्या खात्याचा नियम. त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, चुकीचा तपशील, वापरलेलं रूप (तू किंवा तुम्ही), माफी मिळाल्याची सही. तपशिलाचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात, काहीही हातचं न राखता, भरला.

पहिला मान समोरच्या क्लॅरिनेट मास्तरांचा. खेदरावांनी दार वाजवलं, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पेर्दोनेमे."

मास्तरांना वाटलं, काहीतरी शुभेच्छा असावी. "तुम्हालाही," ते म्हणाले आणि दाखवलेल्या जागी हसत सही केली. सही करून पेन परत देताना त्यांची नजर शेजारच्या रकान्यात गेली. तिथे लिहिलं होतं: 'आठ वर्षांपूर्वी क्लॅरिनेटच्या आवाजाबाबत निनावी तक्रार केली. तक्रार अतिशयोक्त होती.'

मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं. त्या तक्रारीपायी आठ वर्षं ते रियाजाला वीस मिनिटं चालत एका बंद पडलेल्या गोदामात जात होते. ती तक्रार वरच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकांनी केली असं ते धरून चालले होते आणि आठ वर्षांत त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"ते पत्र तुमचं?"

"हो. त्याबद्दलच."

मास्तर तडक वर गेले. पाच मिनिटांनी दोघंही खाली आले. व्यायामशिक्षक सरळ माणूस, पण आठ वर्षं जिन्यात आपल्याकडे बघून कुणी तोंड का फिरवतं हे कोडं त्यांना छळत होतं. त्यांनी बूट बदलून पाहिले होते, दाढी वाढवून पाहिली होती. "म्हणजे तुमच्या चुकीसाठी मी दाढी वाढवली," ते म्हणाले. खेदरावांनी वही उघडून त्यांच्या नावावर नवी नोंद केली आणि सहीसाठी पुढे धरली. व्यायामशिक्षकांनी सही केली नाही. पेन मात्र परत न देता घेऊन गेले.

पुढची नोंद सहाव्या मजल्यावरच्या आजींची होती आणि ती जास्त अवघड होती. खेदरावांच्या झोपायच्या खोलीची भिंत लिफ्टला लागून. दार आपटलं की त्यांची दुपारची झोप मोडे. म्हणून तळमजल्यावर त्यांनी 'लिफ्ट नादुरुस्त आहे' अशी पाटी लावायला सुरुवात केली, रोज दोन ते चार. पाटी इतकी सरकारी दिसे की कुणी बटण दाबून पाहिलंच नाही. मेकॅनिक सात वेळा येऊन 'बिघाड आढळला नाही' असं लिहून गेला. आजी रोज तीन वाजता गुडघ्यांच्या व्यायामाहून परत येत आणि सहा मजले चढत. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई दोन वर्षं म्हणत होत्या की, गुडघ्यांत सुधारणा का दिसत नाही तेच कळत नाही.

आजींनी आधी चष्मा आणला, तपशील वाचला, मग सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला.

"तिसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या दाराशीच. तुमची बायको स्टूल आणून द्यायची आणि पाणी द्यायची. आत तुमचं घोरणं ऐकू यायचं. मी म्हणायची, किती शांत झोप लागते बाई यांना."

खेदराव खाली आले तेव्हा बायकोने जेवायला वाढलं, पण ती स्वतः बसली नाही. ही एक बाब तिच्या यादीत नव्हती. खेदरावांनी स्वतःहून घातली होती. "मी त्या बाईला दोन वर्षं स्टूल देत होते," ती म्हणाली, "आणि पाटी माझ्याच घरातून जात होती." त्या दिवसानंतर आठवडाभर त्यांना जेवण मिळालं, पण 'अजून घ्या' हे मिळालं नाही.

बातमी जिन्यातून पसरली. लोक आपापली नोंद बघायला येऊ लागले. ज्यांची नोंद नव्हती त्यांचाही अपमान झाला, कारण आपल्याबद्दल काहीतरी लपवलंय अशी त्यांची खात्री होती. आणि गंमत अशी की, जो तो चिडलेला असूनही खेदरावांच्या शिक्षणात लक्ष घालू लागला. व्यायामशिक्षक म्हणाले की माफी छातीतून येत नसते, पोटातून येते, आधी श्वास भरा. क्लॅरिनेट मास्तर म्हणाले की 'पेर' मंद्रात घ्या आणि 'दो'वर जरा थांबा, तुम्ही घाईने खाली उतरता. हे सांगून ते आपल्या घरी जात आणि दार सताड उघडं टाकून दोन ते चार क्लॅरिनेट वाजवत. खेदराव पलंगावर उताणे पडून ऐकत. तक्रार करायला आता तोंड राहिलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त दुखावले गेले सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्ट दोन वर्षं दुरुस्त करवता न आलेला माणूस म्हणून त्यांची नालस्ती झाली होती. त्यांनी खास सभा बोलावली. विषय क्रमांक एक: 'खेदराव यांच्या वहीतील नोंदींवर विचार करणे'. सभा गच्चीवर भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, वही टेबलावर ठेवली, आणि नर्सबाईंना जाणकार म्हणून पहिल्या रांगेत बसवलं.

"माझा मुद्दा असा," सेक्रेटरी म्हणाले, "की ज्याची माफी मागायची त्याला ती भाषाच येत नसेल तर माफी पोचली असं धरायचं का? माझ्या मते धरता येणार नाही. सह्या रद्द समजाव्यात."

यावर खेदराव उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता वाद घालणार. ते म्हणाले, "सेक्रेटरींचं म्हणणं नियमाला धरून आहे. मी त्यांच्या जागी असतो तर सह्या घेऊच दिल्या नसत्या."

सेक्रेटरींची पंचाईत झाली. विरोध होणार असं धरून त्यांनी पुढची चार वाक्यं तयार केली होती. शेवटी ठराव झाला की खेदरावांनी सभेपुढे मराठीत माफी मागावी, म्हणजे प्रश्न मिटला. ठराव एकमताने मंजूर झाला; खेदरावांनीही हात वर केला होता.

मग ते टेबलापाशी आले. गच्चीवर वारा होता आणि वहीची पानं फडफडत होती. त्यांनी श्वास भरला, पोटातून, सांगितल्याप्रमाणे.

"या सभेस कळविण्यास..."

"ते नको," सहाव्या मजल्याच्या आजी म्हणाल्या.

खेदराव थांबले. पुढच्या रांगेत आजींचे दोन्ही गुडघे होते, पट्टे बांधलेले. इतकी वर्षं त्यांनी अर्ज पाहिले होते, अर्जदार खिडकीच्या पलीकडे उभे असत आणि खिडकीतून ते छातीपासून वरचेच दिसत. कुणाचे गुडघे असे समोर आले नव्हते. मराठीतले शब्द घशाशी आले आणि नेहमीप्रमाणे तिथेच अडले. मग अगदी हळू, खाली बघून, ते म्हणाले, "पेर्दोनेनमे."

"बसलं," नर्सबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा बसलं क्रियापद."

सेक्रेटरींनी मराठीचा आग्रह धरायला तोंड उघडलं, पण आजींनी हात वर केला. "मला ती भाषा येत नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांचा चेहरा मला दिसतोय. पुरे झालं. मुलगी कधी येतेय तुमची?"

"शनिवारी. सकाळी."

मग सभा आपोआप त्या विषयावर गेली. जावयाला काय आवडेल, त्याचे पाय पलंगाबाहेर जातील का, खेदरावांनी माफी दाराबाहेर मागावी की आत, यावर पाऊण तास चर्चा झाली. दाराबाहेर, असं ठरलं. आत घेऊन मागितली तर तो आधीच घरात आला असा अर्थ होतो, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं आणि ते सगळ्यांना पटलं. इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं, 'माफी स्पॅनिशमध्ये प्राप्त.'

शनिवारी सकाळी खेदराव आठपासून दाराबाहेर उभे होते. समोर क्लॅरिनेट मास्तर दारात, वरच्या पायऱ्यांवर व्यायामशिक्षक आणि आजी, खालच्या पायरीवर नर्सबाई, आणि लिफ्ट आज खरोखरच बंद पडू नये म्हणून सेक्रेटरी स्वतः लिफ्टपाशी. बायको आत होती, पण अशा जागी की बाहेरचं सगळं ऐकू यावं. खेदरावांच्या बगलेत वही होती.

लिफ्ट आली. आधी जावई बाहेर पडला, दोन्ही हातांत सामान घेऊन, उंच आणि थोडा वाकलेला, मोजणीच्या कामात सतत दुर्बिणीतून बघणारी माणसं वाकतात तसा. मागून लेक. तिच्या खांद्यावर एक बॅग होती आणि ती उतरवायचा तिचा अजून विचार दिसत नव्हता. बाकीचं सामान, तिने आईला आधीच सांगितलं होतं, खाली गाडीत आहे.

खेदराव एक पाऊल पुढे आले. श्वास भरला, 'पेर' मंद्रात घेतला आणि 'दो'वर थांबले. "पेर्दोनेमे," ते म्हणाले. म्हणताना आवाज किंचित कापला आणि तो त्यांनी कापू दिला.

जावयाने सामान खाली ठेवलं, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि प्रेमाने काहीतरी म्हणाला. "काही बिघडलं नाही, म्हणतोय," नर्सबाईंनी खालून सांगितलं. वही पुढे झाली. जावयाने न वाचता मोठी सही ठोकली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, वरच्या पायऱ्यांवरही टाळ्या झाल्या, आणि दोन महिन्यांचं काम पाऊण मिनिटात निकाली निघालं. खेदरावांना एकदम हलकं वाटलं. अट पूर्ण झाली होती आणि पोचही मिळाली होती.

तेवढ्यात जावई बायकोकडे वळून हळू आवाजात काही बोलला. सगळ्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं. बाई जरा घुटमळल्या.

"ते विचारताहेत," त्या म्हणाल्या, "की माफी कशाबद्दल."

"पत्राबद्दल," खेदराव म्हणाले. "ते पत्र, लग्नाच्या वेळचं."

"त्याला पत्राचं माहीत नाही, बाबा," लेक म्हणाली. तीन वर्षांत ती त्यांच्याशी यापेक्षा मोठं वाक्य बोलली नव्हती. "मी त्याला दाखवलंच नाही. तुमची तब्येत बरी नाही म्हणून आला नाहीत, असं सांगितलं होतं. अजून दर आठवड्याला तो मला विचारतो, बाबा आता कसे आहेत."

जावई खेदरावांकडे काळजीने पाहत होता. त्याने अजून त्यांचा एक हात सोडला नव्हता.

"मग त्याची माफी मागायला का सांगितलंस?"

लेकीने मान वळवली. "माझी मागा, असं कसं सांगणार मी?"

क्लॅरिनेट मास्तर आत गेले आणि दार लावून घेतलं. वरच्या पायऱ्यांवरची पावलं वर गेली. सेक्रेटरींनी काही कारण नसताना लिफ्ट खाली नेली. नर्सबाई तेवढ्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या, पण मग त्याही गेल्या. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. इथून पुढे दुभाष्याची गरज नव्हती.

खेदराव उभे होते. लेकीशी स्पॅनिश बोलून उपयोग नव्हता आणि खात्याच्या भाषेत तर तिच्याशी एकदा बोलून झालं होतं. जावयाच्या हातातला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला. वही बगलेतून निसटून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"मी यायला हवं होतं," ते म्हणाले.

लेकीने बॅगेचा पट्टा धरून ठेवला.

"त्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून तयार झालो. नवा शर्ट घातला. तुमच्या तिकडची वेळ आणि इकडची वेळ कागदावर लावून ठेवली होती. तुमचं लग्न लागायची वेळ झाली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. मग उशीर झाला तरी बसून राहिलो. तुझ्या आईने दोनदा येऊन पाहिलं, काही विचारलं नाही. मला वाटलं, अजून फोन करता येईल. फोन केला नाही." ते थांबले. "माझं चुकलं गं."

शब्द आले आणि गेले. घशात काही अडकलं नाही. आतून बायकोने पदर नाकाला लावल्याचा आवाज आला. जावयाला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तो सामान न उचलता, मान खाली घालून, दोघांच्या मधून बाजूला झाला.

लेक वडिलांकडे बघत होती.

"कुठला शर्ट?" तिने विचारलं.

"निळा. बारीक रेघांचा. इस्त्री मीच केली होती, कॉलरला जरा जळला."

तिने खांद्यावरची बॅग काढून दाराच्या आत ठेवली, आणि नवऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं की खाली जा आणि गाडीतलं सगळं सामान वर आण.